गट ऑफिसची ‘लाईन’ कुठे तुटते?



ऊस नोंदीचे दिवस आले की प्रत्येक गट ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येते : “आज लाईन नाही, उद्या या.” सभासद जनावरांची वैरण नि पाण्याची पाळी सोडून आलेला असतो. तो तसाच माघारी जातो. एक दिवस नोंद मागे पडली तर काय मोठे बिघडले, असे वरवर वाटते. परंतु आपला तोडणी प्रोग्राम लागण तारीख, जात आणि नोंद यांवरच बसवला जातो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने पोटच्या पोरासारखा सांभाळायचा आणि शेवटी नोंदीच्या घोळापायी तो फडात उभा राहायचा, यात वजनही जाते आणि साखरही. म्हणून ही लाईन म्हणजे काय, ती कुठे तुटते आणि तुटली तर गट ऑफिसने कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, हे या अंकात मांडण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक शेतकी पदविकेचा माणूस आहे, कॉम्प्युटरचा नव्हे. पण नोंदी अडल्या की सभासद कॉम्प्युटर विभागात जात नाहीत, शेतकी विभागाच्या दारात येतात. तेव्हा समजून घेणे भागच पडले.

पहिली गोष्ट. गट ऑफिसातल्या टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो, त्यात तुमची नोंद नसते. नोंदीचे प्रोग्राम कारखान्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर चालतात. गटावरचा क्लार्क जी बटणे दाबतो ती तिकडे जातात आणि तिकडच्या पडद्याचे चित्र तेवढे इकडे येते. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणली, म्हणजे ती काही कालची नाही. आता हे चित्र आणि ही बटणे सगळ्या जगाच्या इंटरनेटवरून उघडी पाठवणे बरे नव्हे. म्हणून गट ऑफिस आणि कारखाना यांच्यामध्ये एक बंद पाइपलाइन टाकलेली असते. ती व्हीपीएन. पाइप दुसऱ्याच्या रानातून जातो, पण आतले पाणी वाटेत कोणाला उपसता येत नाही, असा हा प्रकार आहे.

ऊस आणि कॉम्प्युटर यांची सोयरीक आपल्या भागात जुनी आहे. वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांतून उसाची माहिती कारखान्याशी जोडली गेली होती. पुढे तिथल्याच काही गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने केंद्रावरच्या कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या एसएमएसचा प्रयोग केला. शेतकऱ्याला बहुतेक वेळा वजन किती भरले, खाताला काय पडले एवढेच हवे असते, त्याला अख्खा कॉम्प्युटर कशाला, हा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे. पण नवी नोंद घालणे, क्षेत्र दुरुस्त करणे ही कामे एसएमएसवर भागत नाहीत. त्यांना लाईन लागतेच.

आता लाईन तुटली की सभासदाच्या मनात पहिली भीती येते, ती म्हणजे “माझी नोंद उडाली का?” सहसा नाही. चित्र येणे बंद झाले तरी सर्व्हरवर ते काम जिथल्या तिथे उघडे राहते. लाईन परत जुळली आणि क्लार्कने त्याच नावाने प्रवेश केला, तर अर्धा भरलेला तक्ता तसाच समोर येतो, अर्थात मधल्या वेळात सर्व्हर बंद होऊन परत सुरू झालेला नसेल तर. मात्र यातच एक खोच आहे. तक्ता उघडा असणे वेगळे आणि नोंद जतन होणे वेगळे. घाईत क्लार्कने नव्याने दुसरी नोंद घातली, तर एकाच प्लॉटची दोनदा नोंद होते, नाहीतर “मघाशी घातली होती की” म्हणून एकदाही होत नाही. तेव्हा लाईन आल्यावर आधी जुनी नोंद शोधावी, नोंद क्रमांक दिसला तरच काम झाले समजावे. सभासदानेही क्रमांक हातात पडल्याशिवाय ऑफिस सोडू नये.

शोध कसा घ्यावा? पाणीपुरवठा संस्थेच्या शेवटच्या चेंबरला पाणी येईना, तर जाणता पाटकरी लगेच कुदळ घेऊन पाइप उकरत नाही. शेजारच्या चेंबरला पाणी आहे का, हे तो आधी विचारतो. इथेही तेच. पहिला फोन शेजारच्या गट ऑफिसला करावा. सगळेच गट अडले असतील तर दोष कारखान्याकडे आहे, गटावर वायरी उपटून उपयोग नाही. एकच गट अडला असेल तर दोष त्या गटावर किंवा त्याच्या वाटेवर. या एका फोनने निम्मा शोध संपतो, आणि नेमका हाच फोन कोणी करत नाही.

त्यानंतर साधे इंटरनेट चालते का ते बघावे. चालत नसेल तर व्हीपीएनला दोष देण्यात अर्थ नाही. ते चालते पण व्हीपीएन जुळत नाही, असे असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावे. हॉटस्पॉटवर जुळले म्हणजे गटाचा राउटर किंवा ती इंटरनेट कंपनी आडवी येते आहे. काही जुन्या पद्धतीचे व्हीपीएन, विशेषतः पीपीटीपी, कित्येक राउटरांतून आणि मोबाइल नेटवर्कांतून पारच होत नाही. शिवाय त्याचे कुलूप कच्चे असल्याचे २०१२ सालीच उघड झाले आहे. ते अजून कुठे असेल तर बदलून घ्यावे, दुरुस्त करत बसू नये.

सगळ्यात चकवणारा प्रकार पुढचा. व्हीपीएनवर ‘जोडले’ असे दिसते, हिरवी खूण येते आणि तरीही सर्व्हर सापडत नाही. एका गटावर नवीन ब्रॉडबँड घेतल्या दिवसापासून असे झाले. तीन दिवस कोणी पासवर्ड बदलला, कोणी कॉम्प्युटर पुसून नवा केला. दोष होता पत्त्यात. प्रत्येक ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना घरगुती आकडी पत्ते असतात. बाजारात येणारे पुष्कळ राउटर १९२.१६८.१ नाहीतर १९२.१६८.० या मालिकेतले पत्ते वाटतात. कारखान्यातही तीच मालिका असेल आणि गटाच्या नव्या राउटरनेही तीच वाटली, तर गटाचा कॉम्प्युटर सर्व्हरला आपल्याच खोलीत शोधत बसतो, पाइपात पाठवतच नाही. आपल्याकडे गट नंबर ११२ दोन्ही गावांत असतो. गावाचे नाव घातले नाही तर तलाठी आपल्याच गावचा उतारा काढून देणार, त्यातला हा मामला. उपाय दहा मिनिटांचा आहे : गटाच्या राउटरची मालिका बदलून वेगळी करावी. राउटर बदलताना कॉम्प्युटर विभागाला आधी विचारले, तर एवढेही करावे लागत नाही.

सर्व्हर नावाने सापडत नाही पण आकडी पत्त्याने सापडतो, असेही होते. तेव्हा नावाचा पत्ता लावणारी डीएनएसची सोय व्हीपीएनमधून नीट मिळत नाही असे समजावे. आकडी पत्त्यानेही सापडत नसेल तर सर्व्हरची ३३८९ क्रमांकाची खिडकी, म्हणजे पोर्ट, उघडी आहे का ते तपासावे. नुसत्या पिंगवर विसंबू नये. कित्येक फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत आणि माणूस उगीच समजतो सर्व्हर मेला. विंडोजमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा ठराविक पोर्ट तपासून देते. कधी कधी पलीकडचा कॉम्प्युटर चक्क झोपी गेलेला असतो, कारण कोणी त्याची वीज वाचवण्याची सोय चालू ठेवलेली असते. त्यावर अधिक काय लिहावे?

घड्याळाचे मात्र लिहायला हवे, कारण ते आपल्या भागातले खास दुखणे आहे. लोडशेडिंग झाले, यूपीएसची बॅटरी संपली, आणि कॉम्प्युटरच्या आतला बटणाएवढा सेलही मेलेला असला, की वीज आल्यावर कॉम्प्युटर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. व्हीपीएनचे प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालते. कॉम्प्युटरला वाटते ते अजून सुरूच झालेले नाही, आणि तो जोडणी नाकारतो. क्लार्क पासवर्ड पुनःपुन्हा टाकत राहतो, शेवटी खाते कुलूपबंद होते, म्हणजे एकाचे दोन दोष झाले. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला काही शिक्षण लागत नाही. सेल अगदी किरकोळ किमतीला मिळतो.

प्रवेश झाला पण पडदा काळा राहतो, किंवा थोडे चालून गोठतो, तेव्हा बहुधा पाकिटाचा आकार आडवा येतो. एरवी १५०० बाइटचे पाकीट जाते; व्हीपीएन त्यावर आपले वेष्टन चढवतो आणि ते वाटेतल्या अरुंद जागी अडकते. आकार थोडा कमी करून दिला की काम भागते. हे कॉम्प्युटर विभागाचे काम आहे, गटाने फक्त “आत गेल्यावर गोठतो” एवढे नेमके शब्द कळवावेत. “चालत नाही” या दोन शब्दांवरून कोणालाच काही कळत नाही.

आणखी एक. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसतो. विंडोज सर्व्हरवर वेगळे परवाने घेतले नाहीत तर देखभालीसाठी दोघेच. जास्त लोकांची सोय चालू केली तर परवान्याविना १२० दिवस चालते, मग दार बंद. साधारण एका गाळप हंगामाएवढी ही मुदत आहे, तेव्हा हंगामाच्या तोंडावर चालू केलेली सोय नेमकी शेवटच्या फडांच्या वेळी बंद पडू शकते. फुलीवर टिचकी मारून खिडकी बंद करणारे क्लार्कही जागा अडवून ठेवतात, कारण त्यांचे काम तिकडे उघडेच राहते. घरी जाताना ‘साइन आउट’ करावे.

८ मे २०१८ नंतर देशोदेशीच्या ऑफिसांत एकाएकी रिमोट डेस्कटॉप बंद पडले होते. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची दुरुस्ती दिली, ती गटासारख्या टोकावरच्या कॉम्प्युटरांनी घेतली आणि जिथे सर्व्हरने घेतली नव्हती तिथे नव्याने जुन्याशी बोलायचे नाकारले. खरा उपाय सर्व्हरलाही दुरुस्ती देणे हा होता. पुष्कळांनी उलटे केले, नव्या कॉम्प्युटरचीच खबरदारी काढून टाकली. काम सुरू झाले, आणि भोक तसेच राहिले.

इथे खरा धोक्याचा मुद्दा येतो. नोंदी अडल्या, सभासद चिडले, वरून फोन आला, की कोणीतरी सुचवतो, “व्हीपीएनची भानगड कशाला? सर्व्हरचे ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटला उघडा, कुठूनही जोडता येईल.” येते हे खरे. पण पाळी लवकर मिळावी म्हणून कालव्याचा भराव फोडण्यासारखे ते आहे. उघडी पोर्ट हुडकणारी यंत्रे इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ नावाच्या दोषावर दुरुस्ती काढली. त्या दोषातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होते. गांभीर्य इतके, की ज्यांची देखभाल केव्हाच बंद झाली होती त्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीही कंपनीने दुरुस्ती दिली. उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून शिरून सगळी माहिती कुलूपबंद करायची आणि खंडणी मागायची, हा चोरट्यांचा नेहमीचा रस्ता आहे. आपल्या सर्व्हरवर काय आहे? तुमचे क्षेत्र, तुमचे बँक खाते, काट्याची वजने, शेअर्सचा हिशोब. ते कुलूपबंद झाले तर ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत द्यायचे बिल काढायचे कशावरून? एक दिवस नोंद थांबली तर वहीवर लिहिता येते.

तेव्हा एखाद्या गटावर क्लार्क “पोर्ट उघडता येणार नाही” म्हणत असेल तर तो अडवणूक करतो असे कृपया समजू नये. उलट जिथे व्हीपीएनशिवाय घरबसल्या सर्व्हर उघडतो असे कोणी अभिमानाने सांगेल, तिथे शंका घ्यावी.

जाता जाता सभासदांच्या मोबाइलविषयी. बिल जमा होण्याच्या सुमारास “बँकेतून बोलतोय, खाते दुरुस्त करून देतो, हे ॲप घ्या आणि त्यातला नंबर सांगा” असे फोन येतात. ते ॲपही रिमोट डेस्कटॉपचाच भाऊ आहे. नंबर सांगून परवानगी दिली की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. अशा एका ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. कारखाना किंवा बँक असे ॲप घ्यायला सांगत नाही. पैसे गेलेच तर उशीर न लावता १९३० या नंबरवर फोन करावा.

लाईन नसेल त्या दिवशी गट ऑफिसने कागदी वहीत सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख आणि आल्याची वेळ लिहून सही घ्यावी व सहीची पोच द्यावी. लाईन आल्यावर त्याच क्रमाने नोंदी चढवाव्यात. वहीत लिहायला नकार मिळाला किंवा पोच मिळाली नाही, तर सभासदांनी तारीख-वार घालून शेतकी विभागाकडे लेखी कळवावे.