शेवट ठाऊक असलेली कादंबरी

दक्षाच्या यज्ञात सतीचं काय होतं, हे आपण आजीकडून केव्हाच ऐकलेलं. तरी अमीश यांच्या शिवत्रयीचा शेवटचा भाग 'वायुपुत्रांची शपथ' (मूळ इंग्रजी २०१३) आमच्या घरात दोनदा वाचला गेला. लेकीनं इंग्रजीतून, सासूबाईंनी मराठीतून.

यात दुष्ट म्हणजे कुणी राक्षस नाही, तर आयुष्य वाढवणारा सोमरस. तो करताना सरस्वती आटते, त्याच्या विषारी गाळानं दूरच्या ब्रंगात रोगराई पसरते, व्यंग असलेली मुलं जन्मतात. मेलुहाची माणसं वाईट नाहीत. त्यांना तो सोडवत नाही, एवढंच. मला हेच सर्वांत पटलं. लढायांची वर्णनं मात्र लांबली आहेत.

माळव्यातल्या मुलांना आणखी एक गंमत: वासुदेवांचं नगर आपलं उज्जैन! आणि आपल्या नळाला जिचं पाणी येतं, ती नर्मदा ओलांडायची मनाई.

(वाचायची असेल तर इथेच थांबा.)

सतीच्या मृत्यूनंतर शिव पाशुपतास्त्रानं देवगिरी भस्म करतो. रविवारी पोह्यांवर लेक म्हणाली, "बरोबर केलं." सासूबाई म्हणाल्या, "आणि नगरात राहिलेल्यांचं काय गं?" जिलेबी गार झाली, वाद चालूच आहे.