करपा आणि भाताची राखण
भाताच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेला तपकिरी ठिपके दिसले की आपण ‘करपा आला’ म्हणतो. हा बुरशीचा रोग. या बुरशीचे ‘एव्हीआर-पिटा’ नावाचे जनुक शास्त्रज्ञांनी २००० साली उलगडले. रचनेवरून ते प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, बनवीत असावे असे दिसले. ज्या भातात ‘पाय-टा’ हे जनुक असते, ते भात या विकरावरूनच शत्रू ओळखते व रोग थोपवते. पण बुरशीचे जनुक थोडे बदलले की ओळख पटत नाही आणि तेच वाण करप्याला बळी पडते. म्हणून आपण एकाच वाणावर विसंबू नये. बियाणे निरोगी घ्यावे, युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा, बांध स्वच्छ ठेवावेत.