दल सरोवराचे दोन हंगाम आणि आपली एकच सुट्टी

पर्यटन ही चैन असून मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त प्रदेशाने तिचा विचार करण्याचे कारण नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वार्षिक परीक्षा संपल्या की लातूर-नांदेडच्या शिक्षकांची आणि कारकुनांची कितीतरी कुटुंबे वर्षभराच्या बचतीतून काश्मीरची वाट धरतात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील माणसाला दल सरोवराच्या काठी दोन दिवस बसावेसे वाटले, तर त्यात चैन ती कोणती? विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. आपण सर्वजण एकाच वेळी तेथे का जातो?

आल्प्समधील सरोवरांचा प्रदेशही एके काळी मुख्यतः उन्हाळ्याच्या पाहुण्यांवर जगत असे. थॉमस कुकने १८६३ मध्ये इंग्रज प्रवाशांची पहिली तुकडी स्वित्झर्लंडला नेली, तीही उन्हाळ्यातच. सेंट मॉरिट्झच्या बाडरुट नावाच्या हॉटेलमालकाने १८६४ मध्ये इंग्रज पाहुण्यांशी पैज लावून त्यांना हिवाळ्यात राहावयास बोलावले, अशी कथा सांगतात. पैजेचे खरेखोटे काहीही असो, पुढे त्याच गावच्या गोठलेल्या सरोवरावर घोड्यांच्या शर्यती भरू लागल्या आणि हिवाळा हा स्वतंत्र हंगाम ठरला. यामागील अर्थशास्त्र साधे आहे. इमारतीची डागडुजी आणि कर्जाचे व्याज बारा महिने चुकत नाही. उत्पन्न मात्र तीनच महिन्यांचे असेल, तर त्या तीन महिन्यांतील पाहुण्याकडून वर्षाचा खर्च वसूल करावा लागतो आणि उरलेले नऊ महिने नोकराला घरी बसावे लागते.

परंतु हंगाम दोन असून भागत नाही. पाहुण्यालाही सवड हवी. फ्रान्सने १९३६ मध्ये कायद्याने कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. पुढे गर्दी विभागण्यासाठी त्या देशाने शाळांच्या हिवाळी व वसंत ऋतूतील सुट्ट्या तीन विभागांत वेगवेगळ्या तारखांना ठेवल्या. जर्मनीतील राज्येही उन्हाळी सुट्ट्यांच्या तारखा आपसांत ठरवून मागेपुढे करतात.

काश्मीरला निसर्गाने असेच दोन हंगाम दिले आहेत. उन्हाळ्यात दलवर शिकारे फिरतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ची कडाक्याची थंडी असते आणि गुलमर्गचे उतार बर्फाने झाकले जातात. तेथील रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. मराठी शिक्षक मात्र एप्रिल-मे किंवा दिवाळीतच जाऊ शकतो. परिणामी तो सर्वांत महाग दराने, सर्वांत जास्त गर्दीत सरोवर पाहतो. आणि शिकारावाल्याला दोन महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढावे लागते.

हे अवलंबित्व किती नाजूक आहे, ते २२ एप्रिल २०२५ रोजी दिसले. पहलगामजवळ दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि एक स्थानिक घोडेवालाही होता. त्या शोकापुढे पैशाचा हिशेब क्षुद्र आहे. तरीही ऐन हंगामात सहली रद्द झाल्या आणि ज्यांचा या अपराधाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे वर्ष बुडाले. हिवाळ्याचाही भरवसा धरता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फावाचून उघडे पडले होते. म्हणूनच एका हंगामाचे नुकसान दुसऱ्याने भरून काढण्याची सोय हवी.

आपल्या हाती यातील एक गोष्ट आहे, ती म्हणजे सुट्ट्यांचे वेळापत्रक. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे विभागवार तारखांचे तत्त्व शासनाला मान्यच आहे. त्याच धर्तीवर मे महिन्याच्या सुट्टीतील एक आठवडा काढून तो प्रत्येक महसुली विभागाला आळीपाळीने जानेवारीत द्यावा. मराठवाड्यातील ऊन पाहता मेची सुट्टी फार कापता येणार नाही, हे खरे. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ असल्याने त्या वर्गांना वगळावे लागेल, हेही खरे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीवर्गांनी जानेवारीचा आठवडाही गिळंकृत केला, तर मात्र शासनाला दोष देता येणार नाही, तो प्रश्न पालकांच्या विवेकाचा आहे.

जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे जाऊ लागली आहे. कोट्यवधी रुपयांचे पूल बांधून अंतर कमी झाले. त्या मानाने एका आठवड्याची तारीख बदलण्यास फारसा खर्च नाही. त्यातून शिक्षकाची सहल स्वस्त होईल, दलच्या पाण्यावरील उन्हाळी ताण थोडा हलका होईल आणि शिकारावाल्याच्या घरची चूल भर हिवाळ्यातही पेटती राहील.