मेणावरून टाइमलाइनवर

व्हिडिओ एडिटिंगवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी कोलकात्याचं डमडम आठवलं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या लेबलांवर हे नाव दिसे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये सियालदहला कारखाना काढला आणि १९२८ च्या सुमारास तो डमडमला नेला. देशभरच्या भाषांतली गाणी तिथे तबकडीवर उतरली, मराठीही.

तेव्हाची ध्वनिमुद्रणाची रीत कठोर होती, संकलनाला तिथे वावच नव्हता. सुई मेणात थेट खाच कोरत जाई. गाणं तीनेक मिनिटांत संपवायचं. शेवटच्या ओळीत सूर घसरला, तर मेण बाद आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे टेप आली, ब्लेडने कापून जोडता येऊ लागलं. व्हिडिओचं संकलन मात्र बराच काळ एका टेपवरून दुसरीवर नक्कल करत चाले. दर नकलेत चित्राचा दर्जा उतरे, आणि मध्येच दोन सेकंद वाढवायचे म्हटले की पुढचं सगळं पुन्हा करा.

१९८९ मध्ये अ‍ॅव्हिड ही संगणकावर संकलन करण्याची प्रणाली आली आणि हा जाच सुटू लागला. त्यातली टाइमलाइन मला आजही थक्क करते. पडद्यावर क्लिप कापलेली दिसते, पण मूळ फुटेजला धक्काही लागलेला नसतो. संगणक फक्त नोंद ठेवतो: अमुक फाइल, या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत. कट सरकवला की नोंद बदलते. म्हणून एकाच लग्नाच्या फुटेजमधून तीन तासांची फिल्म निघते आणि तीन मिनिटांचीही.

पण मूळ फुटेज सगळं हाताशी ठेवावं लागतं, आणि अडचणी इथूनच सुरू होतात. फुल एचडीचं तासभराचं चित्रण न दाबता ठेवलं, तर सुमारे ३७० जीबी जागा खातं. म्हणून बरेच कॅमेरे मोजक्याच फ्रेम पूर्ण ठेवतात. मधल्या फ्रेममध्ये केवळ बदल नोंदतात. अशा मधल्या फ्रेमवर कट दिला, की संगणकाला आधी शेजारच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. साधी मशीन तिथेच अडखळते. मग एडिटर फुटेजच्या हलक्या नकलांवर, म्हणजे प्रॉक्सी फायलींवर, काम करतो आणि अखेरच्या रेंडरला मूळ फुटेज जोडतो.

खरी काळजी त्याही पुढची आहे. डमडमला मेणावरून धातूचा साचा घेत. तो जपला, तर कित्येक दशकांनीही त्यातून गाणं मिळतं. एडिटरची प्रोजेक्ट फाइल ही नुसती यादी. फुटेजची हार्डडिस्क बिघडली, तर फार तर यादी उरते आणि चित्र जातं. म्हणून पहिला कट देण्याआधी फुटेजच्या दोन प्रती दोन ठिकाणी हव्यात. त्याचा खर्च एडिटरने बिलात वेगळा लावावा आणि गिऱ्हाइकाने तो घासाघीस न करता द्यावा.