बांबू तोडला तरी संपत का नाही?

आंबा बुंध्यापाशी तोडला की सहसा गेलाच. बांबूचं बेट मात्र दरवर्षी तोडूनही उभंच! कारण बांबू हे गवत. त्याचं मुद्दल जमिनीखालच्या कंदात. पावसाळ्यात तिथून कोंब फुटतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, फक्त टणक होतो, आणि पानांत तयार झालेलं अन्न कंदाला पुरवतो. म्हणून तीन वर्षांवरची जून काठी काढायची, कोवळी राखायची. सगळंच कापलं तर कंद उपाशी.

जंगलातला बांबू तोडणाऱ्या ठेकेदाराला एवढा धीर कुठला? पुढच्या वर्षी तो तिथे असेलच असं नाही. गावाला मात्र तिथेच राहायचंय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेता येईना. १९२७ च्या वन कायद्यानं या गवताला चक्क झाड ठरवलेलं, म्हणून वाहतुकीला वन खात्याचा परवाना लागे! अखेर २०११ मध्ये वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आता तोड कुठे, किती, हे ग्रामसभा ठरवते; मजुरी गावकऱ्यांना मिळते आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होतो.