प्लंबरची मजुरी

निर्वाना या बॅण्डचा ‘इन युटेरो’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. पुढे कधीतरी सीडी विकत घेतली, श्रेयनामावली वाचली आणि एका शब्दापाशी अडकलो. स्टीव्ह अल्बिनीच्या नावाआधी ‘निर्माता’ असं कुठेच नव्हतं. याने फक्त ध्वनिमुद्रण केलं, एवढीच नोंद. तेव्हापासून या माणसाचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही.

त्याआधीच्या ‘नेव्हरमाइंड’ची कथा पुन्हा उगाळत नाही. लाखोंनी खपलेला तो अल्बम पुढे खुद्द निर्वानाचा गायक कर्ट कोबेन यालाच गुळगुळीत वाटू लागला. खरखरीत आवाजासाठी त्याला शिकागोचा अल्बिनी हवा होता. अल्बिनी म्हणजे ‘बिग ब्लॅक’ बॅण्डवाला, पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’ मुद्रित करणारा, जिभेला हाड नसलेला गृहस्थ.

काम ठरण्याआधी अल्बिनीने बॅण्डला चार पानी पत्र लिहिलं. पुढे जगजाहीर झालेलं हे पत्र मी किती वेळा वाचलं असेल, मोजदाद नाही. थोड्या दिवसांत, तुमच्याच डोक्याने रेकॉर्ड होणार असेल तर मी आहे. कंपनीची माणसं नाक खुपसणार असतील, तर मला वगळा, असा त्याचा सूर. मग पैशांचा विषय. मोठ्या लेबलांच्या दुनियेत निर्माता रॉयल्टीत टक्का मागतो, बॅण्डच्या खिशातून आयुष्यभर. अल्बिनीने हिशेबच मांडला: तीस लाख प्रती खपल्या तर आपला वाटा चार लाख डॉलरच्या घरात जाईल. तो घेतला तर झोप लागणार नाही! आपल्याला प्लंबरसारखे पैसे द्या, म्हणाला. काम केलं, मजुरी घेतली, विषय संपला. ठोक रक्कम ठरली एक लाख डॉलर.

फेब्रुवारी १९९३मध्ये मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सजवळच्या पॅकिडर्म स्टुडिओत मंडळी जमली. नोंदणी ‘सायमन रिची ग्रुप’ या नावाने. (हे सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसचं मूळ नाव, थट्टा कळणाऱ्यांना कळली.) डेव्ह ग्रोलच्या ड्रम्सभोवती तीसच्या वर मायक्रोफोन, एक-दोन गाण्यांसाठी तर ड्रम्स स्वयंपाकघरात हलवले, तिथला घुमारा हवा म्हणून. कोबेनचं बहुतेक गायन सहा तासांत उरकलं. मिक्सिंगसह सगळं दोन आठवड्यांत आटोपलं. स्टुडिओचं बिल २४,००० डॉलर.

मग ठिणगी पडली. निर्वानाची रेकॉर्ड कंपनी गेफेन, तिच्या माणसांना टेप रुचली नाही. एप्रिलमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये ग्रेग कॉटची बातमी आली, कंपनी हा अल्बम काढेल असं वाटत नाही, असं अल्बिनीच त्यात बोलून गेला होता. पाठोपाठ ‘न्यूजवीक’. बॅण्डने खुलाशासाठी ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात दिली: आमच्यावर कोणाचाही दबाव नाही. पण बास आणि गायन दबलेलं आहे, हे बॅण्डलाही खटकत होतंच. मास्टरिंगमध्ये बॉब लुडविगने थोडं उजळलं. ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी आर.ई.एम.चा निर्माता स्कॉट लिट याने नव्याने मिक्स केली. या दोन गाण्यांपुरता मी बॅण्डच्या बाजूचा आहे. अल्बिनीभक्तांनी रागावावं.

सप्टेंबरात अल्बम आला आणि थेट अव्वल. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात एक लाख ऐंशी हजार प्रती. वॉलमार्ट आणि केमार्टने आधी तो ठेवलाच नाही. नंतर मागचं चित्र आणि एका गाण्याचं नाव बदलून घेतलं. एप्रिल १९९४मध्ये कोबेन गेला, त्यानंतर हा अल्बम कोणाला मोकळ्या कानांनी ऐकताच आला नाही.

एकट्या अमेरिकेतच पुढे पन्नास लाख प्रती खपल्या. अल्बिनीच्याच दराने त्याचा वाटा साडेसहा लाख डॉलरच्या पुढे गेला असता. उलट त्या वादानंतर काही काळ त्याचं काम आटलं: मोठ्या कंपन्यांना तो नकोसा आणि छोट्या बॅण्डना वाटे, आता हा आपल्याला कुठला परवडायला! त्याच १९९३ साली त्याने ‘द बॅफलर’मध्ये एक लेख लिहिला. अडीच लाख डॉलरची उचल घेतलेल्या एका काल्पनिक बॅण्डचा जमाखर्च त्यात ओळीने मांडलेला आहे. शेवटी प्रत्येक वादकाच्या हाती ४,०३१ डॉलर आणि काही सेंट. कंपनीला सात लाख. किराणा दुकानाच्या चोपडीसारखा तो तक्ता मला कुठल्याही रॉक-चरित्राहून थरारक वाटतो.

१९९७मध्ये त्याने शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला. आपल्या कामाचे पैसे तो दिवसाच्या हिशेबाने घेई. नामवंत असो वा नवखे, कोणासाठीही काम करी. मे २०२४मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो गेला. स्टुडिओतल्या कितीतरी छायाचित्रांत त्याच्या अंगात मेकॅनिक घालतात तसा डांगरी सूट दिसतो.