मेंदूचा कारभार (भाग ७) : बंदूक खाली ठेवल्यानंतर

मागच्या आठवड्यात आपण मेंदूच्या कार्यकारी क्षमतांची ओळख करून घेतली: हाताशी असलेली माहिती डोक्यात धरून ठेवणं, नियम बदलला की त्याबरोबर वळणं आणि उसळून आलेली पहिली प्रतिक्रिया अडवणं. आज यातल्या शेवटच्या क्षमतेबद्दल.

युद्धातून परतलेल्या माणसाबद्दल ‘त्याचा स्वतःवर ताबाच नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हे मान्य नाही. दबा धरून तासन्‌तास निश्चल पडून राहायला, इशारा मिळेपर्यंत गोळी न झाडायला जबर संयम लागतो. पण तो संयम दुसऱ्याच्या हुकमावर चालतो. शिवाय धोका दिसल्यावर जो विचार करत थांबतो तो मरतो, हेही रणांगणच शिकवतं. पुढे बाजारात कुणाचा धक्का लागला, तरी मेंदूला आधी तोच धडा आठवतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धं झाली. बंडखोरांचा नेता चार्ल्स टेलर याच्या फौजेत तर लहान मुलांच्या वेगळ्या तुकड्या होत्या. आवर घालण्याचं काम मुख्यतः कपाळामागचा मेंदू करतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. ती घडणीची वर्षं या मुलांनी बंदुका, नशा आणि लुटालूट यांत घालवली. २००३च्या शांतता करारानंतर लाखभर लोकांची निःशस्त्रीकरणात नोंद झाली. शस्त्रं जमा झाली, सवयी कुठे जमा करणार?

राजधानी मन्रोव्हियात एका स्थानिक संस्थेने यावर एक साधा कार्यक्रम आखला. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ९९९ तरुणांवर पारखून पाहिला. चोऱ्या, मारामाऱ्या, अमली पदार्थांची विक्री यांत गुंतलेले हे तरुण होते आणि त्यांच्यातले एक तृतीयांशाहून अधिक जण पूर्वी सशस्त्र गटांत होते. आठ आठवडे छोट्या गटांत बैठका होत. शिकवणाऱ्यांमध्येही पूर्वी लढलेली माणसं होती, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. राग चढू लागला की तो ओळखायचा, तिथून बाजूला व्हायचं, श्वास सावकाश करायचा, हे तिथे घोटून घेतलं जाई. केस कापायचे, नीट कपडे घालायचे आणि बँकेत किंवा मोठ्या दुकानात जाऊन चौकशी करून यायचं, हाही अभ्यासच होता. एरवी ज्या दारातून हाकलून देतील अशी खात्री असे, तिथे शांतपणे उभं राहायचं. प्रयोगशाळेत बटणं दाबून संयम मोजता येतो, पण तो कमवायचा असतो अशाच जागी.

चिठ्ठ्या टाकून काहींना फक्त हे प्रशिक्षण मिळालं, काहींना फक्त २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. दिलेले पैसे नशेत उडतील ही भीती खोटी ठरली. बरीचशी रक्कम छोटा धंदा, अन्न, कपडे यांवर गेली. नुसत्या पैशांचा परिणाम लवकर विरला, नुसत्या प्रशिक्षणाचाही हळूहळू ओसरला. दोन्ही मिळालेल्यांमध्ये मात्र गुन्हे आणि हिंसक वागणं दहा वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास घटलेलं आढळलं.

असं का झालं असावं? संशोधकांचा तर्क मला पटतो. पैसे लवकरच संपले, धंदेही बहुतेकांचे टिकले नाहीत. पण त्या काही महिन्यांत पोटासाठी चोरी करावी लागली नाही आणि नवं वागणं रोज गिरवायला उसंत मिळाली. चार व्याख्यानं देऊन ‘आता सुधारा’ म्हणणाऱ्या सरकारांनी आणि संस्थांनी हा मुद्दा जरूर विचारात घ्यावा. पोट रिकामं असताना उद्याचा विचार करायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक निष्कर्ष. सर्वाधिक बदल सुरुवातीला सर्वांत धोकादायक वाटलेल्या तरुणांमध्ये दिसला. ज्यांच्यावर पैसा खर्च करणं लोकांना वाया घालवल्यासारखं वाटलं असतं, तेच हे तरुण.

यांतल्या बऱ्याच जणांना नशेचीही सवय होती. नशा या आवर घालण्याच्या यंत्रणेचं नेमकं काय करते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.